गाव खाली शे

जमनाबाई पाटलीण दळत बसली होती आणि तिच्या जात्यावर आढ्यातून उंदीर पडला. जिवंत होता. पिठात गरगरला, पाय ताणले आणि तिथंच थंड झाला. जमनाबाईनं अशी किंकाळी फोडली की ती गावाबाहेर टेकावर हिरीला ऐकू आली. हिरी झोपडीपुढं चूल सारवत होती. "पाटलाच्या घरी कोणी गेलं की काय?" असं ती नवऱ्याला म्हणते न म्हणते तोच आमशा काठी उचलून उताराला लागलासुद्धा. गावात खुट्ट झालं की त्यानं धावायचं. तो बोरटेक गावचा जागल्या होता. त्याचा बाप जागल्या होता आणि आजाही.

ही गाठीच्या रोगाच्या वर्षांतली गोष्ट. खानदेशाचे दोन तुकडे करून सरकारनं शहादा-नंदुरबारकडचा मुलूख पश्चिम खानदेश म्हणून वेगळा काढला, त्याला एखादं वर्ष झालं असेल. मुलखाचं नाव बदललं, रोग काही बदलला नाही. दिवाळी सरली, ज्वारी घरात आली की उंदीर पडायचे आणि उंदरांमागून माणसं. उंदीर पडला की घर सोडून रानात जायचं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यासाठी वैद्य नको की डाक्टर नको. जायचं कुठं आणि मागं राहायचं कोणी, एवढंच ठरवायचं असायचं. आणि ते ठरवायला बोरटेकात भाईदास पाटील बसलेला होता.

बाकीचे शेतकरी आपापल्या शेतात गेले. पाटलाची जमीन मात्र सगळी गोमाईकाठची काळी. तिला अजून ओल होती, वर कपाशी उभी होती. झोपडी घालायची तर कपाशी तुडवावी लागणार. पांढरं सोनं पायाखाली घालायचं? छे, छे! मग पाटलाची नजर टेकाकडं गेली.

टेक म्हणजे गावाच्या उगवतीला मुरमाचा उंचवटा. पाणी साचत नाही, चहूकडून वारा. तिथं भिलांच्या चार झोपड्या होत्या. गावात त्यांना थारा नव्हता. गावात आले तरी कोणाच्या ओट्याखाली उभं राहायचं, वर पाय ठेवायचा नाही. पण एक होतं. मागच्या दोन्ही साथींत गावात घरटी माणूस गेलं, आणि टेकावर कोणाला साधा कढ आला नाही. येणार कसा? एका वेळेची भाकरी, ती माणसालाच पुरेना, उंदराला कुठून उरणार? उंदीर जातो कणगीपाशी. पण हा असा विचार करतो कोण? गावानं आपला सोपा अर्थ काढला होता, की भिलाच्या अंगाला गाठीचा रोग लागतच नाही. त्यांचं रक्तच तसलं! आणि सांगायला लाज वाटते, पण टेकावरच्या भिलांनाही ते खरं वाटायला लागलं होतं. कशात तरी आपण गावापेक्षा वरचढ आहोत, याचं त्यांना बरंच वाटायचं.

दुपारी पाटील स्वतः टेकावर आला. जागा पायांनी दाबून पाहिली, वाऱ्याला तोंड देऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आमशा, हाई टेक आम्हले लागी रे. थोडा दिननी बात शे."

"मंग आम्ही कथा जावानं, पाटील?" हिरीनं झोपडीच्या दारातूनच विचारलं. बाईमाणसानं मधे बोललेलं पाटलाला खपत नसे; त्यानं उत्तर आमशाला दिलं.

"तू मन्हा घरमा ऱ्हाय. ओसरीवर. कनग्या भरेल शेतस, भांडाकुंडा शे. गाव उघडं टाकीसन कसं चाली? जागल्या कसाले ऱ्हास मंग?"

आमशाला वाटलं, आपल्याला ऐकू नीट आलेलं नाही. "तुम्हना घरमा, पाटील?"

"हां रे. असं घर तुन्हा बापनी बी आतून देखं नही व्हई. आनि भेवानं काय कारन नही. तुम्हले हाऊ रोग लागत नही. इतला साल व्हयनात, टेकवर कोनले गाठ उनी? सांग बरं."

खरंच कोणाला आली नव्हती. आमशानं मान डोलावली.

टेकावरचे बाकीचे तीन संसार त्याच दिवशी तोरणमाळच्या डोंगराकडं निघाले. त्यांच्यात आमशाचा धाकटा भाऊ खात्या होता. हे लोक घरात भिली बोलायचे. ते बोलणं मी इथं साध्या मराठीत सांगतो. खात्या म्हणाला, "दादा, चल. तिकडं काहीतरी खाऊ, मोहाखाली पडू. इथं काय ठेवलंय?"

"आणि काठी?" आमशा म्हणाला.

"टाक विहिरीत ती काठी!"

"आज्याच्या हातची काठी आहे ही. विहिरीत कशी टाकू?"

ती काठी म्हणजे आमशाचा जीव की प्राण. बांबूची, टोकाला लोखंडी कडी. चालला की कडी वाजायची आणि गावाला कळायचं की जागल्या फेरीवर आहे. त्या काठीपायी खळ्यावर त्याला त्याच्या हक्काचं सूपभर धान्य मिळायचं. दुसऱ्या भिलाला ते मागून घ्यावं लागायचं. हिरीनं खात्याच्या तोंडाकडं पाहिलं, नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. तिची पोर धनी, आठ वर्षांची, तिच्या लुगड्याला धरून उभी होती. हिरीच्या मनातून जायचं होतं. माहेरी, डोंगरात, एखाद्या झोपडीत माणूस अवचित गेलं की तिचे लोक ती झोपडी जाळून दुसरीकडं घर मांडायचे. घराला बाधा झाली की घर सोडायचं, एवढं तिला आईच्या दुधाबरोबर मिळालं होतं. पण आमशा नुसता फुलून गेला होता. "पाटलीणबाई," तो तिला हसत म्हणाला, "चला आता, कौलाखाली झोपायला चला!" आणि तीही हसली. मेली, हसली! पुढं कितीतरी दिवस त्या हसण्याची तिला चीड येत राहिली.

तर अशी अदलाबदल झाली. पाटील कुडाच्या झोपडीत आणि जागल्या कौलारू घरात. टेकावरचे जुने कूड मोडून त्यांच्याच लाकडांवर पाटलाच्या गड्यांनी ऐसपैस झोपड्या घातल्या. निघताना जमनाबाईनं हिरीला बजावून सांगितलं, "ओसरी रोज झाडजो व. चूल्हाले हात नको लावजो. देवघरनी खोलीकडे जाऊच नको." चुलीची आणि देवघराची, दोन्ही खोल्यांना कुलूप होतं. कणग्यांची खोली तेवढी उघडी, कारण राखायची तीच होती.

पहिले काही दिवस खोटं कशाला सांगा, बरे गेले. धनी ओसरीवरच्या झोक्यावर बसून पाय हलवायची. आमशा रिकाम्या गावात कडी वाजवत फिरायचा, दारं ढकलून पाहायचा, आणि कोणाच्याही ओट्यावर बसून चिलीम ओढायचा. "आज चुनीलाल शेठच्या ओट्यावर बसलो," असं येऊन सांगायचा, जणू काही तालुका जिंकून आला. सगळं गाव त्याचं झालं होतं. फक्त माणसं नव्हती.

मग कुलपामागच्या खोल्यांतून वास यायला लागला. आत उंदीर मरत होते आणि काढता येत नव्हते. कणग्यांच्या खोलीत तर रोज सकाळी हिरीच्या खराट्यापुढं पसारा. ती शेपट्यांना धरून ते उकिरड्यावर नेऊन टाकायची. एके दिवशी धनीच्या गोधडीत एक निघाला.  पोरीला ओढत हिरी तडक टेकाच्या पायथ्याशी गेली. वर जायची तिला आता बंदी होती. तिथूनच ओरडली, "पाटील, उंदीर लई पडी ऱ्हायनात! आम्हले बाहेर ऱ्हाऊ द्या!"

"पडू दे. फेकी दे बाहेर," पाटील वरून म्हणाला. "तुम्हले काय व्हस त्यानी?"

जमनाबाई त्याच्या मागं उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला.

हिरी परत आली ती आमशावर उसळली. "उंदीर पडला म्हणून ते गेले ना? मग तो आपल्यासाठी पडत नाही का? त्यांच्याच घरचा उंदीर, त्यांना मारतो आणि आपल्याला ओवाळतो?"

"आपल्याला कधी झालंय का?"

"आपण कधी या घरात राहिलोय का, मुडद्या!"

 बोलणं आमशाला लागलं होतं, पण काठी भिंतीला उभी होती आणि कणग्या आत होत्या. शेवटी तडजोड झाली. हिरी आणि धनी वेशीबाहेर चिंचेखाली झोपतील, आमशा ओसरीवर. "तूही चल, तिथून राखण कर," असं हिरीनं विनवून पाहिलं. तो म्हणाला, "चिंचेखालून कणगी दिसते का? एक पायली जरी गेली तर पाटील म्हणेल, भिलाला घरात घेतलं आणि भिलानंच खाल्लं. मग तोंड कुठं लपवू?" यात खोटं काही नव्हतं. पाटील अगदी हेच म्हणाला असता.

हिरीनं एकदा डोंगराची वाटही धरून पाहिली. पोरीला तरी खात्याकडं टाकावं, असा विचार. पहिल्याच पाड्याच्या तोंडाशी बोरीच्या काट्यांचे ढीग घातलेले, आणि पलीकडं खात्याच धनुष्य घेऊन उभा. तो रडत होता. "वहिनी, माघारी जा," तो म्हणाला. "तुम्ही टेकावरून आला असतात तर कोणी अडवलं नसतं. गावातल्या घरात राहून आलात. हे लोक मला सोडायचे नाहीत." हिरीनं त्याला शिव्या घातल्या आणि माघारी वळली. त्याचं चुकलं होतं असं तिला वाटेनासुद्धा, म्हणून तर शिव्या जास्तच दिल्या.

आणि मग साहेब आला. प्लेगवरचा गोरा साहेब, घोड्यावर बसून, नाकाला रुमाल लावून. बरोबर कारकून. गाव खाली झालं की नाही ते बघायला तो गावोगाव फिरत होता. रोगाच्या गावात जो राहील त्याला सजा, असा हुकूम होता. वेशीपाशीच त्यानं घोडा थांबवला. आत यायची त्याला काही हौस नव्हती. पाटील पागोटं सावरत टेकावरून धावत आला. आमशा काठी घेऊन ताठ उभा राहिला. हिरी धनीला घेऊन वेशीच्या भिंतीपाशी उभी होती.  आता! साहेबाच्या हुकमापुढं पाटलाची काय टाप? साहेबानं एकदा म्हणायचा अवकाश, 'हा इथं का?' की आमशा सुटला. तिनं आमशाच्या पाठीत बोट खुपसलं. "सांग," ती कुजबुजली. "सांग त्याला आपण कुठं राहतो ते."

कारकुनानं विचारलं, "गावात कोणी राहिलंय का?"

पाटलानं उत्तर दिलं नाही. तो आमशाकडं वळला. गावची खबर द्यायचा मान जागल्याचा. "सांग रे," पाटील म्हणाला.

आमशानं काठी आपटली. कडी वाजली. आणि फेरीच्या वेळी ओरडायचा तशा मोठ्या, खणखणीत आवाजात तो म्हणाला, "गाव खाली शे, साहेब! एक बी मानूस नही!"

"शाब्बास!" साहेब म्हणाला. तेवढा शब्द त्याला येत होता. रुमाल पुन्हा नाकाला लावून त्यानं घोडा वळवला.

हिरीचं तोंड उघडलेलं तसंच राहिलं. नवरा साहेबापुढं खोटा पडेल म्हणून ती बोलली नाही, की अंगातलं बळच गेलं म्हणून, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. घोड्याची धूळ बसेपर्यंत ती उभी होती. मग तिनं आमशाच्या हातातली काठी हिसकावली आणि लांब फेकली.

"एकही माणूस नाही? मग तू कोण? मी कोण? ही पोर कोण?"

आमशाला खरंच कळेना की ही का चिडली. "अगं, ते गावातल्या माणसांचं विचारत होते," तो म्हणाला. "आपण तर राखणीला आहोत. राखणदाराला कोणी मोजतं का?" आणि जाऊन त्यानं काठी उचलून आणली, धूळ पुसली. साहेबाची शाबासकी तो संध्याकाळपर्यंत घोळवत बसला होता. त्या माणसाला काय म्हणावं! हिरी पाठ फिरवून बसून राहिली, जेवायलाही उठली नाही.

त्यानंतर चार दिवसही धड गेले नाहीत. सकाळी हिरी भाकरी घेऊन ओसरीवर आली तर आमशा खांबाला धरून उभा, डोळे लालभडक, पाय लटपटत. तिला आधी वाटलं, मोहाची टाकून आला. "कुठं मिळाली रे?" असं तिनं रागानं विचारलंसुद्धा. मग त्याच्या अंगाला हात लागला आणि तिचा राग कुठल्या कुठं गेला. अंग तव्यासारखं तापलं होतं. दुपारी जांघेत गाठ आली. आमशानं ती चाचपून पाहिली आणि हिरीकडं बघितलं. रोगापेक्षा त्याला नवल जास्त वाटत होतं.

"हे आपल्याला होत नाही ना गं?" तो म्हणाला.

 हिरीनं त्याला उठवलं. एवढंच तिच्या डोक्यात होतं की याला या घरातून काढायचा आणि टेकावर न्यायचा, वाऱ्याला. आपल्या जागेवर तो बरा होईल. तिथं गाठीनं कोणी कधी मेलं नव्हतं. त्याचा हात तिनं आपल्या मानेवर घेतला; धनीनं काठी घेतली. अर्धं चालत, अर्धं ओढत ते रिकाम्या गावातून निघाले. बघायला कोणी नव्हतं. काठीची कडी तेवढी वाजत होती.

टेकाच्या पायथ्याशी पोचले तोच वरून आरडाओरडा झाला. "तठेच थांब! वर नको येजो!" पाटलाचे गडी हातांत दगड घेऊन उभे होते.

"पाटील, तो मरी ऱ्हायना!" हिरी ओरडली. "हाई आम्हनी जागा शे! आम्हले आम्हना जागावर येऊ द्या!"

पाटील पुढं आला नाही. जमनाबाई आली. ती रडत होती, उगाच का खोटं सांगा. "आठे लहान पोरं शेतस व, हिरी," ती वरून म्हणाली. "तूच सांग, मी कसं करू?"

आणि यातलं सगळ्यात वाईट काय, तर तिचं म्हणणं खरं होतं. वर लहान पोरं होती. हिरीच्या पोरीइतकीच लहान.

उतारावर एक पळस होता, त्याच्याखाली हिरीनं आमशाला आडवा केला. जमनाबाईनं पाण्याचं मडकं आणि भाकरी अर्ध्या वाटेवर ठेववून दिली. ठेवणारा गडी पळत परत गेला. दुसरा दिवस आमशानं बडबडण्यात काढला. कणग्या मोजायचा, चोराला हाका घालायचा, "हुश्शार!" म्हणून फेरीची आरोळी द्यायचा. मधेच शुद्धीवर आला तेव्हा त्यानं विचारलं, "ओसरीवर कोण आहे?"

"कोणी नाही," हिरी म्हणाली.

"घर उघडं टाकलं?" त्यानं उठायचा प्रयत्न केला. ते त्याचं शेवटचं बोलणं. तिसऱ्या दिवशी उन्हं डोक्यावर असताना तो गेला, घराची काळजी करत. स्वतःच्या नव्हे, पाटलाच्या.

खड्डा हिरीनं खणला. मुरूम कठीण, हत्यार म्हणजे एक मोडकी कुदळ, तीही टेकावरून कोणीतरी फेकलेली. धनी हातांनी माती ओढत होती. वरून सगळे बघत होते.

होळी झाल्यावर ऊन तापलं आणि रोग ओसरला. लोक घरी परतले. पाटलानं शहाद्याहून भटजी आणला. दोन दिवस घर धुतलं, गोमूत्र शिंपडलं, मंत्र झाले. ओसरीची जमीन हातभर खणून नवी माती घातली. का, तर तिथं भिल झोपला होता. कणग्यांच्या खोलीतली उंदरांची बिळं होती तशीच राहिली. त्यांना विटाळ नव्हता. टेकावरच्या झोपड्या सरकारी हुकमाप्रमाणं जाळल्या. त्या राखेवर हिरीनं पुन्हा चार काटक्या उभ्या केल्या. खात्या खाली मान घालून डोंगरातून परतला आणि तिला कूड बांधायला मदत करू लागला. ती त्याच्याशी बोलत नव्हती, पण त्याला हाकलतही नव्हती.

एके दिवशी पाटलाचा निरोप आला. चावडीपुढचं अंगण सारवायला ये आणि येताना आमशाची काठी घेऊन ये, जागलकी आता खात्याकडं. साहेब येणार होता. आजूबाजूच्या गावांत माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली होती. बोरटेकात एकही गेलं नव्हतं. गाव वेळेवर खाली केलं म्हणून पाटलाला सरकारकडून मानाचं पागोटं मिळणार होतं. हिरीनं अंगण सारवलं. हात धुतले आणि काठी घेऊन, धनीला जवळ घेऊन, लांब उभी राहिली.

सगळं गाव जमलं होतं. साहेबानं पागोटं पाटलाच्या हातावर ठेवलं. पाटील कमरेत वाकला. मग साहेब इकडंतिकडं बघू लागला आणि कारकुनाला काही म्हणाला. कारकुनानं विचारलं, "साहेबांना तो जागल्या आठवतोय. मोठ्या आवाजात खबर देणारा. तो कुठं आहे? त्यालाही शाबासकी द्यायची आहे."

पाटील हातातलं पागोटं न्याहाळू लागला.  जमनाबाईनं मान खाली घातली.

वेशीपाशी जे हिरीच्या तोंडून निघालं नव्हतं ते आता निघालं. ती पुढं आली आणि काठी साहेबाच्या पुढ्यात जमिनीवर ठेवली. "साहेब, तो मरी गया," ती म्हणाली. "गाठ उनी नि मरी गया. त्या दिन गाव खाली नव्हतं. तो, मी नि हाई पोर, आम्ही गावमाच ऱ्हात व्हतूत. पाटीलना घरमा. कनग्या राखाले."

कारकुनानं ते साहेबाला सांगितलं. साहेबाच्या कपाळाला आठ्या पडल्या. पाटलाच्या तोंडचं पाणी पळालं. हिरीनं ते पाहिलं आणि तिच्या छातीत कित्येक महिन्यांनी जरा मोकळा श्वास आला. आता साहेब विचारील. आता पाटलाला बोलावं लागेल. साहेब कारकुनाशी बराच वेळ बोलला, मग कारकून वळला. पाटलाकडं नाही, हिरीकडं.

"बाई, गाव खाली करायचा सरकारचा हुकूम होता," तो म्हणाला. "तरी तुम्ही लोक गावात राहिलात. वर साहेबांना खोटी खबर दिलीत. हा गुन्हा आहे. माहीत आहे का तुला?"

हिरीला क्षणभर काही उमगलंच नाही. 

तोवर पाटील सावरला होता. नवं पागोटं काखेत धरून तो पुढं झाला आणि साहेबापुढं बोलायच्या शुद्ध भाषेत म्हणाला, "गरीब बाई आहे, साहेब. अडाणी आहे. नवरा गेला बिचारीचा. तिला माफी असावी." कारकुनानं ते सांगितलं. साहेबानं हिरीकडं पाहिलं, मान हलवली. माफी मिळाली! गावानं सुटकेचा श्वास सोडला, आणि कोणीतरी तर म्हणालं की पाटील मनाचा मोठा.

"हात जोड, हिरी," पाटील हळूच म्हणाला. "हात जोड नं."

हिरीनं हात जोडले नाहीत. पण सगळे वाट बघताहेत हे धनीला कळलं. पोर भेदरली होती. तिनं आईकडं पाहिलं, पाटलाकडं पाहिलं, आणि आपले इवलेसे हात साहेबापुढं जोडले.

हिरीनं त्या हातांवर फाडकन चापट मारली. सगळ्या गावादेखत. मग तिनं त्यातला एक हात घट्ट धरला आणि पोरीला घेऊन, ओल्या सारवणावर पाय उठवत, टेकाकडं चालू लागली.